'अबाऊट टाइम': भूतकाळात जाता येतं, मग हिरोला काय वाचवता येत नाही?

वीकेंडच्या रात्री पांघरूण घेऊन काहीतरी हलकंफुलकं बघायचंय? मग 'अबाऊट टाइम' हा २०१३ चा ब्रिटिश सिनेमा लावा. लेखक-दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस. 'नॉटिंग हिल' यांनीच लिहिला आणि 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' यांनीच दिग्दर्शित केला. पण हा सिनेमा लव्हस्टोरी म्हणून सुरू होतो आणि संपतो बाप-लेकाच्या गोष्टीवर. कसा, ते समजून घेऊ. (पुढे कथेतले महत्त्वाचे प्रसंग आहेत, सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

टाइम ट्रॅव्हल चालतो कसा?

टिम २१ वर्षांचा झाल्यावर वडील त्याला सांगतात, आपल्या घरातल्या पुरुषांना भूतकाळात जाता येतं. यंत्र वगैरे काही नाही. अंधाऱ्या जागी, अगदी कपाटात जायचं, मुठी आवळायच्या आणि तो क्षण आठवायचा. फक्त स्वतः जगलेल्या काळातच जाता येतं, भविष्यात नाही. वडिलांनी ही शक्ती कशासाठी वापरली? भरपूर पुस्तकं वाचण्यासाठी! टिमला मात्र गर्लफ्रेंड हवी असते.

गंमत कुठे आहे?

लंडनमध्ये मिट्ट अंधाराच्या एका रेस्टॉरंटमध्ये टिमला मेरी भेटते. एकमेकांचा चेहराही न बघता दोघांचं जुळतं, तो तिचा नंबर घेतो. पण त्याच रात्री त्याच्या घरमालकाचं नाटक पडलेलं असतं. ते सावरायला टिम मागे जातो आणि मेरीची भेट घडतच नाही. फोनमधला नंबरही गायब! आता तिला पुन्हा शोधायचं, आणि तिच्या लेखी तो पूर्ण अनोळखी.

मग अडचण काय?

अडचण मुलं झाल्यावर येते. बहिणीचा अपघात टाळण्यासाठी टिम भूतकाळ बदलतो. परत येतो तर घरात त्याच्या मुलीऐवजी दुसरंच बाळ! म्हणजे मूल पोटात येण्याआधीचं काही बदललं, की ते मूलच बदलतं. टिम सगळं पूर्ववत करतो आणि बहिणीला साध्या मार्गाने, सोबत राहून सावरतो.

पुढे वडील कॅन्सरने जातात. तरी टिम भूतकाळात जाऊन त्यांना भेटत राहतो. मग मेरीला तिसरं मूल हवं असतं. ते झालं, की वडिलांच्या भेटीचा रस्ता कायमचा बंद. टिम होकार देतो. त्यानंतरची बाप-लेकाची शेवटची भेट आणि समुद्रकिनाऱ्यावरचा फेरफटका बघताना रुमाल जवळ ठेवा. वडिलांच्या भूमिकेतले बिल नाय कुठेही रडारड करत नाहीत, म्हणून जास्तच रडू येतं.

खटकतं काय?

शक्ती फक्त पुरुषांनाच का, याचं उत्तर सिनेमा देत नाही. शिवाय टिम आपलं गुपित मेरीला कधीच सांगत नाही. त्याला तिच्याशी झालेल्या पहिल्या भेटी दोन-दोनदा आठवतात, तिला एकदाच. हे थोडं अन्यायाचंच आहे.

तरी का बघायचा?

वडील टिमला एक युक्ती सांगतात: रोजचा दिवस दोनदा जग. पहिल्यांदा धावपळीत, दुसऱ्यांदा आजूबाजूला बघत. शेवटी टिम मागे जाणंच सोडतो आणि पहिल्याच वेळी नीट जगायला लागतो. ती शक्ती आपल्याकडे नाही. पण सिनेमा संपल्यावर घरी फोन करून 'जेवलात का?' एवढं विचारायला ती लागतही नाही.