खाडीचा चिखल आणि आपले शेत

शेत, गोठा आणि विहीर यांचा परस्परसंबंध शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. हाच संबंध व्यापक दृष्टीने अभ्यासणारे शास्त्र म्हणजे पर्यावरणशास्त्र. त्यातील संज्ञा नव्या वाटल्या, तरी त्यांमागील अनुभव जुनाच आहे. मुंबईत घोडपदेवसारख्या दाट वस्तीच्या जवळही तो पाहावयास मिळतो.

घोडपदेवहून उत्तरेस कॉटन ग्रीन ओलांडले की शिवडीची खाडी लागते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या तेथील चिखलावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. चिखल, खारे पाणी, ऊन, तिवरांची झाडे आणि जीवजंतू यांची मिळून जी घडी बसते, तिला परिसंस्था म्हणतात. शेत हीदेखील मनुष्याने बसविलेली परिसंस्थाच होय.

उन्हाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारे ते उत्पादक. खाडीत हे काम निळे-हिरवे शेवाळ करते. याच वर्गातील काही जाती भातखाचरात हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. उत्पादकांवर जगणारे ते भक्षक. छोटा रोहित शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. मेलेले जीव कुजवून त्यांतील द्रव्ये पुन्हा मातीस देणारे सूक्ष्म जंतू ते विघटक. कंपोस्टच्या खड्ड्यात राबतात ते हेच.

आता प्रदूषण. नत्र व स्फुरद ही पिकाची अन्नद्रव्ये. परंतु सांडपाण्याबरोबर ती पाण्यात अतिरिक्त साचली की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. गावच्या तळ्यात शेतातील युरिया वाहून गेल्यास तेथेही हाच प्रकार घडतो. अशा रीतीने शेतकऱ्याचा पैसा वाहून जातो आणि गावाचे पाणीही नासते.

म्हणून माती तपासूनच खताची मात्रा ठरवावी व नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे. जोराच्या पावसाच्या तोंडावर खत टाकू नये. बांध शाबूत राखावेत. खताचा खड्डा विहिरीपासून दूर असावा.

याच खाडीचा वरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. गावच्या तळ्याचे रक्षण मात्र गावानेच करावयाचे आहे. ग्रामसेवकांनी या संज्ञा तळ्याच्या काठी उभे राहून समजावून द्याव्यात.