गव्हाविना घर: जत-माणच्या स्वयंपाकघरांतून

सांगलीहून कवठे महांकाळ ओलांडून जतच्या रस्त्याला लागलं की ऊस मागे पडतो आणि शाळू सुरू होतो. साताऱ्याकडून पुसेगावच्या पुढे गेलं की खटाव-माणमध्येही तेच. पावसाळ्यात बाजरी, थंडीत शाळू. दोन पिढ्यांपूर्वी या पट्ट्यात चपाती व्हायची ती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. आज त्याच घरांतल्या पोरांच्या डब्यात रोज चपाती असते, मधल्या सुट्टीत बिस्किटांचा पुडा आणि संध्याकाळी चहाबरोबर टोस्ट नाहीतर खारी. ज्या मुलाला गहू सोसत नाही त्याची पंचाईत या बदललेल्या डब्याने वाढवली आणि त्याचं औषध त्याच्या आज्जीच्या काठवटीत होतं. मुलांच्या पोटाची पथ्यं या विषयाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलंय. त्या नादात दोन्ही जिल्ह्यांतल्या गिरण्या, धान्याची दुकानं आणि अशी मुलं असलेली स्वयंपाकघरं पाहत आलो आहे.

आजारांची ओळख थोडक्यात करून घेऊ. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली बोटांसारखी लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी, दुधातली साखर न पचणं वेगळं, आणि खाल्लं की पोट फुगणं पण तपासणीत काहीच न सापडणं हे आणखी वेगळं. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, उंची थांबलेली, लोहाची औषधं देऊनही रक्त वाढत नाही, असं मूल आपल्याकडे बरेचदा ‘जंत झालेत’ किंवा ‘कुपोषित आहे’ या सदरात जाऊन पडतं.

पथ्याने आतडं बरं होतं हा शोध लागला कसा, ही गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी 1888 साली या आजारावर निबंध छापला. हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. त्यांच्या एका रुग्ण बाळाला रोज मापटंभर डच शिंपले खायला घालत. पोर छान बाळसं धरू लागलं, शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगलं आणि पुढच्या हंगामात ते शिंपल्यांना तोंड लावेना. पथ्याच्या मुलाला वाढणाऱ्या प्रत्येक आईला यातलं शेवटचं वाक्य चांगलं ओळखीचं असेल.

पुढे 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य मांडलं. दहा मुलांपैकी केळ्यांवर ठेवलेली आठ सुधारली, दोघांना ते पथ्य मिळालं नाही आणि ती दगावली. सगळं श्रेय केळ्याला गेलं. ते पथ्य पाव, बिस्किटं आणि धान्यंही बंद करत होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मुलं बरी झाली म्हणून पुन्हा पाव सुरू झाला आणि आतडी पुन्हा बिघडली. खरा गुन्हेगार पकडला तो हॉलंडच्या विलेम-कारेल डिके यांनी. हेगच्या बालरुग्णालयात त्यांचा गव्हावरचा संशय युद्धाच्या आधीपासूनचा. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि सगळा देश कुपोषणाने वाळत असताना ही आजारी मुलं मात्र तग धरून राहिली. पाव परतला, तसा आजारही परतला. 1950 साली डिके यांचा प्रबंध आला आणि केळ्यांचं राज्य संपलं.

हास यांचं पथ्य मात्र मेलं नाही. एलेन गॉटशॉल या कॅनडातल्या बाईंच्या मुलीला मोठ्या आतड्याचा आजार होता. ती हास यांच्या पथ्याने सुधारली. त्यातून बाईंची पुस्तकं निघाली आणि 2004 साली नताशा कॅम्पबेल-मॅकब्राइड यांनी त्याच वाटेने आणखी कडक असं ‘गॅप्स’ पथ्य काढलं. त्यात सगळी धान्यं बंद, साखर बंद आणि सुरुवात हाडामांसाच्या रश्शापासून. आतडं ‘भरून काढणारं’ म्हणून हे पथ्य आता मोबाइलवरून विट्या-कराडच्या आयांपर्यंत पोहोचलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. वाढत्या वयाच्या मुलाची शाळू, नाचणी, तांदूळ आणि बटाटा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बंद करू नये. गॅप्सच्या मोठमोठ्या दाव्यांमागे भक्कम चाचण्या नाहीत, आणि माळकरी घरातल्या पोराच्या ताटातून भात-भाकरीही काढून घेतली तर उरतं काय? आपल्या भागात ग्लुटेन टाळायला धान्य सोडावं लागत नाही. एक गहू सोडावा लागतो, बार्ली घातलेली माल्टची पावडर सोडावी लागते, बाकी शेत तसंच राहतं.

सुरुवात मात्र स्वयंपाकघरातून करायची नाही, प्रयोगशाळेतून करायची. संशय आला म्हणून आधी गहू बंद केला आणि दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. गहूच पोटात नसला की या आजाराची प्रतिपिंडं उतरलेली असतात. म्हणून मूल गहू खात असतानाच टीटीजी आणि एकूण आयजीए या रक्ताच्या तपासण्या करायच्या आणि बालरोगतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायला द्यायचा. त्यासाठी पुण्या-मुंबईलाच पळायला हवं असं नाही. 1894 साली वॉनलेस या डॉक्टरांनी रुग्णालय काढल्यापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातून माणसं तिथे येतात. निदान पक्कं झालं की पथ्य जन्माचं असतं. चार महिने पाळून सोडायचा हा उपास नाही, हे घरातल्या मोठ्यांनी आधी मनाशी धरायला हवं.

आता गिरणीकडे वळतो, कारण पथ्य मोडतं ते बहुतेक तिथेच. मिरजेजवळच्या एका गिरणीत मी बराच वेळ बसलो होतो. बायका डबे ठेवतानाच विचारत होत्या, “काका, आत्ता कशावर टाकणार?” गव्हावर गहू, शाळूवर शाळू, डाळीवर डाळ हा गिरणीतला जुना कायदा. गिरणवाले काका म्हणाले, “गव्हावर शाळू टाकला तर पहिलं पीठ मिसळच पडतं बघा. दगडात बसलेलं असतं, खालच्या कापडात असतं. भाकरी थापताना बायांना लगेच कळतंय, म्हणून त्या भांडतात.” त्यांनी पीठ पडतं त्या तोंडाची कापडी बाही झटकून दाखवली. सकाळपासून त्या दगडावर गहू आला नव्हता, तरी पाटावर पिवळसर पिठाची रेघ उमटली. दगडाला टाकी लावली की खाचा खोल होतात आणि मागचं पीठ त्यांत जास्त अडकतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आता हिशोब करा. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरू. दोन किलो शाळूच्या दळणात मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं तर त्यात पाच ग्रॅम ग्लुटेन आलं, किलोमागे जवळजवळ अडीच हजार मिलीग्रॅम. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा आहे किलोमागे 20 मिलीग्रॅम. शंभरपटीहून जास्त! आणि रोज पन्नास मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी आतड्याची लव झिजते, असं अभ्यासात दिसलं आहे. पन्नास मिलीग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, एक चिमूट. आई निष्ठेने भाकरी थापते, पोरगं निष्ठेने खातं, तरी वजनाचा काटा हलत नाही. मग पथ्यावरचाच विश्वास उडतो. माझ्या पाहण्यात ज्या घरांना यश आलं त्या बहुतेकांनी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडू दिला नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी जातं पुन्हा मांडलं तर दोघांपुरतं पीठ सहज निघतं. दळायच्या आधी निवडणं आलंच, कारण मळणी यंत्र तेच आणि पोतीही तीच. शाळूचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला. सुपात तो लपत नाही.

खपलीबद्दल तर मला तळमळीने लिहायचं आहे. कृष्णाकाठची खपली आमच्या भागाचं वैभव आहे. तिचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून ती मळून सुटत नाही, कांडावी लागते. तिची खीर खाल्लेला माणूस दुसऱ्या गव्हाच्या खिरीला हात लावत नाही. अलीकडे मात्र ती ‘पोटाला हलकी, ग्लुटेन कमी’ म्हणून महागड्या पाकिटांत विकली जाते. नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे सहा संच असतात, खपलीत चार. त्यामुळे तिच्या ग्लुटेनची घडण थोडी वेगळी आहे, हे खरं. पण ते ग्लुटेनच आहे आणि सिलिअ‍ॅकच्या मुलाला तेही बाधतं. तपासणी स्वच्छ आलेल्यांनी खपली जरूर खावी, शेतकऱ्याला भाव मिळू द्यावा. आजारी लेकराला ती औषध म्हणून देऊ नये.

नाचणीचं कौतुक करायला जागा हवी होती, ती थोडी उरली आहे. जावळी-पाटणच्या डोंगरात पिकणाऱ्या या धान्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि झिजलेल्या आतड्याच्या मुलाला त्याची फार गरज असते. कारण दुधातली साखर पचवणारा पाचकरस त्या लवेच्या टोकावरच तयार होतो. लव झिजली की दूधही सोसेनासं होतं. म्हणून पहिले काही महिने कधी कधी दूध, पेढे, बासुंदी कमी करावी लागते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात गहू नसतो, तरी तो थोडा थांबू शकतो. आंबट ताक, आंबील, ताकातल्या जोंधळ्याच्या कण्या सहसा चालतात. लव भरून आली की दूध परत येतं.

भाकरीला नाक मुरडणाऱ्या पोराला धिरडी, घावन, इडली, आंबोळी देता येते. थालीपीठ देता येतं, पण भाजणी घरची. विकतच्या भाजणीत बहुधा गहू असतो. हुलग्याचं माडगं उत्तम. शेंगोळ्यांत बऱ्याच घरी कणीक मिसळतात, ते विचारून घ्यावं. आणि हिंग! डबीतला बांधानी हिंग हा निव्वळ हिंग नसतो. डिंक आणि बहुधा मैदा घालून तो बांधलेला असतो. डबीमागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्यावा, नाहीतर फोडणी लसूण-जिऱ्यावर भागवावी.

दिवाळीचं म्हणाल तर आपलं निम्मं फराळाचं ताट मुळातच गव्हाशिवायचं आहे. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची, अनारसे तांदळाचे, शेव आणि लाडू बेसनाचे, चिवडा पोह्यांचा, सांगलीचा भडंग चुरमुऱ्यांचा. शंकरपाळी, करंज्या, चिरोटे आणि रव्याचे लाडू तेवढे बाजूला ठेवायचे. गडबड होते ती तेलात. शंकरपाळी तळलेल्या तेलात चकली सोडली की चकलीचं पथ्य संपलं. म्हणून मुलाचं तळण आधी, नव्या तेलात, वेगळ्या झाऱ्याने. डबेही वेगळे आणि झाकणावर त्याचं नाव. विट्याजवळच्या एका घरात त्या मुलाच्याच हातून डब्यांवर नाव लिहून घेतात. तो धाकट्या बहिणीला त्यातलं देतो, पण तिच्या डब्यातलं घेत नाही.

सगळ्यांत अवघड प्रसंग प्रसादाचा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि “प्रसादाला नाही म्हणायचं नसतं” हे आज्जीचं वाक्य पथ्यावर नेहमी मात करतं. वाईच्या एका गुरुजींपुढे मी हा प्रश्न ठेवला. त्यांनी पोथी काढून दाखवली. कथेतच सांगितलं आहे की प्रसादाला गव्हाचं पीठ घ्यावं, ते नसेल तर तांदळाचं चालतं. केळी, तूप, दूध, साखर सगळं तेच आणि प्रमाणही तेच सव्वाचं. “तांदळाची पिठी तुपावर मंद भाजा, म्हणजे शिरा चिकट होणार नाही,” गुरुजी म्हणाले. “आणि सगळ्यांना तोच वाटा. पोराचा वेगळा द्रोण नको.”