सिंगापूरच्या हातांना कसब कुणी शिकवलं?

1965 मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं, तेव्हा या बेटाकडे ना फारशी खनिजं, ना मुबलक शेतजमीन. पाण्यासाठीसुद्धा शेजारच्या मलेशियावर भिस्त. होती ती फक्त माणसं. मग त्यांनाच घडवायचं ठरलं.

सुरुवात शाळेपासून झाली. 1969 पासून माध्यमिकच्या खालच्या वर्गांत लाकूडकाम, धातुकाम, तांत्रिक रेखाटन आलं. सगळ्या मुलांना सक्तीचं, आणि निम्म्या मुलींनाही! त्या काळात मुलीच्या हाती कानस देणारी शाळा, म्हणजे केवढं धाडस!

आता सांगा, 1972 मध्ये सिंगापूर सरकारने कारखानदारांबरोबर पहिलं प्रशिक्षण केंद्र काढलं, ते कुणासोबत? आपल्या मुंबईच्या टाटांसोबत! पुढच्या वर्षी जर्मनीची रोलाय ही कॅमेरा कंपनी आली, 1975 मध्ये हॉलंडची फिलिप्स. सौदा मोठा झकास होता. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा, शिकवायचं कंपनीने. पण स्वतःला लागतील त्याहून जास्त कारागीर तयार करायचे. उरलेले इतर कारखान्यांना! मला तर या सगळ्या कहाणीत हीच अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारण 1981 मध्ये रोलायचं दिवाळं निघालं, कारखाना बंद पडला, पण सूक्ष्म यंत्रकामात तयार झालेले हात देशातच राहिले. 1982 मध्ये सीगेट ही अमेरिकी कंपनी आली आणि काही वर्षांतच सिंगापूर संगणकाच्या हार्ड डिस्क बनवण्यात जगात आघाडीवर गेलं.

1979 ची युक्तीही भारी. महिना 750 सिंगापुरी डॉलरहून कमी पगारावर माणूस ठेवलात? मग त्यामागे मालकाने कौशल्य निधीत पैसे भरायचे. त्याच निधीतून कामगारांच्या प्रशिक्षणाला अनुदान. स्वस्त मजुरी मालकालाच महाग पडू लागली. प्राथमिक शाळाही पुरी न झालेल्या कामगारांसाठी 1983 पासून इंग्रजी आणि गणिताचे वर्ग सुरू झाले. यंत्राची सूचना वाचता आली तरच यंत्र चालवता येणार ना!

आपल्या आयटीआयची तिथली भावंडं म्हणजे 1992 मध्ये स्थापन झालेल्या आयटीई या तांत्रिक शिक्षण संस्थेची महाविद्यालयं. ‘नापासांची जागा’ हा शिक्का पुसायला सरकारने हात सैल सोडला. एका महाविद्यालयात विमानदुरुस्ती शिकायला खरंखुरं बोइंग 737 उभं आहे, तर दुसरीकडे फ्रान्सच्या तेव्हाच्या नामांकित पॉल बोक्यूज संस्थेसोबत पाककलेचा अभ्यासक्रम सुरू झाला. आयटीआयच्या पोरांनाही असा थाट मिळायलाच हवा!

आणि शिक्षणाला वयाची अट? छे! 2016 पासून 25 वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात अभ्यासक्रमांसाठी 500 डॉलर जमा झाले. 2024 मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी 4,000. आता तर चाळिशीनंतर नोकरी बाजूला ठेवून ठरावीक पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसलात, तर आधीच्या कमाईच्या निम्मा, महिना 3,000 डॉलरपर्यंत भत्ता मिळतो. तोही जास्तीत जास्त दोन वर्षं.