पाण्यातून हायड्रोजन : वीज मुरते कोठे?

युरियाची ४५ किलोची गोणी आपण उसाला घालतो. त्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन वायू लागलेला असतो. आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि हा वायू मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावा लागतो.

पाण्यापासून हायड्रोजन काढणे काही नवे नव्हे. पंजाबात नांगलच्या खत कारखान्याने १९६१ पासून भाक्राच्या विजेवर हेच केले. पुढे वीज पुरेना, आणि ती रीत मागे पडली.

मेख आहे ती विजेतच. किलोभर हायड्रोजनला पाणी लागते नऊ लिटर. विजेचे ३९ युनिट हिशेबाने पुरावेत, पण प्रत्यक्षात ५० च्या घरात किंवा वरच जातात. म्हणजे गोणीमागे सव्वादोनशे युनिट! वरचे युनिट उष्णता होऊन वाया.

पाण्यात कॉस्टिक पोटॅश मिसळून निकेलच्या जाळ्या बुडवतात. आम्लात निकेल झिजते, क्षारात टिकते. पण क्षारात हायड्रोजन सुटण्याआधी पाण्याचा रेणूच फोडावा लागतो, आणि तेथे साधी जाळी अडते. अमेरिकेतील मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रणातून ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने धुऊन काढले. उरले स्पंजासारखे निकेल. (त्यांना खरे तर तेलापासून वनस्पती तूप करायचे होते!) पृष्ठभाग वाढला, काम हलके झाले.

२०११ मध्ये अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मंडळींनी प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म ठिपके बसवले. ठिपक्यांनी पाणी फोडायचे, प्लॅटिनमने हायड्रोजनच्या अणूंची जोडी जुळवायची. एकाने ऊस तोडावा, दुसऱ्याने मोळी बांधावी, तसेच हे. वेग सुमारे आठपट झाला. आता स्वस्त निकेलच्या बारीक रचनेवर रुथेनियम किंवा प्लॅटिनमचे नुसते कण पेरतात, म्हणजे महाग धातू चिमूटभरच लागतो.

मात्र प्रयोगशाळेतला तुकडा असतो नखाएवढा. कारखान्यात त्याला ७०-८० अंशांच्या कडक क्षारात वर्षानुवर्षे उभे राहायचे आहे. कण सुटले किंवा एकमेकांना चिकटून मोठे झाले, की पुन्हा वीज खाऊ लागतात. तेव्हा सहवीज प्रकल्पाशेजारी हायड्रोजनचा संच बसवा म्हणून कोणी माहितीपत्रक घेऊन आलाच, तर त्याला एवढेच विचारावे : किलोला युनिट किती, आणि जाळी किती वर्षांनी बदलायची? दोन्ही आकडे लेखी घ्यावेत.