टपालपलटणीची मेजर

पानिपतावरील सर्वनाशाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातील सांकेतिक मजकुरावरून कळली, ही कथा ज्याने बालपणी ऐकली आहे त्याला युद्धातील कागदाचे मोल निराळे सांगावयास नको. तरीही तरवारीचा इतिहास लिहिणारे उदंड आणि छावणीच्या पिछाडीस बसून रसद, हजेरीपट व टपाल यांचा हिशेब राखणाऱ्यांचा इतिहास लिहिणारे विरळा, अशी स्थिती आहे. आणि प्रस्तुत लेखकाला तर फार वर्षांपासून याच उपेक्षित मंडळींचे वेड आहे. त्या वेडापायी वाचन करीत असता दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराच्या ६८८८ क्रमांकाच्या मध्यवर्ती टपाल पलटणीशी आणि तिच्या मुख्य अंमलदार मेजर चॅरिटी अॅडम्स यांच्याशी गाठ पडली, व १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आत्मवृत्त वाचल्यावर तर ती गाठ सुटेनाशी झाली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांनी घडविलेली दास्यमुक्ती कायद्यात उतरून पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना शाळा वेगळी, बसण्याची जागा वेगळी आणि लष्करात पलटणही वेगळी होती. अशा प्रदेशात, नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल येथे, ५ डिसेंबर १९१८ रोजी अॅडम्सबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक आणि माता शिक्षिका. बालपण साउथ कॅरोलायनाच्या कोलंबिया शहरी गेले. ओहायोमधील विल्बरफोर्स विद्यापीठातून १९३८ साली पदवी घेऊन त्या गणित व विज्ञान शिकवू लागल्या. १९४२ साली स्त्रियांचे साहाय्यक सैन्यदल निघाले तेव्हा त्या फोर्ट डे मॉइन येथे अधिकारीवर्गाच्या पहिल्याच तुकडीत दाखल झाल्या आणि त्या दलात अधिकारपत्र मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. पुढील दोन वर्षांच्या कवायतीचा तपशील कंटाळवाणा आहे, तो मी सोडून देतो. मात्र वरिष्ठांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची एक स्वतंत्र प्रशिक्षण रेजिमेंट काढून तिचे आधिपत्य त्यांना देऊ केले असता, बढतीचा मोह बाजूस सारून त्यांनी ते नामंजूर केले व ती योजनाच पुढे बारगळली, एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या सर्व चरित्राची किल्ली या एका नकारात आहे.

मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी सतत तगादा लावल्यावर लष्कराने अखेर या स्त्रियांची एक पलटण सागरापार धाडण्याचे कबूल केले. १९४५ च्या प्रारंभी अॅडम्सबाई विमानाने पुढे निघाल्या तेव्हा हुकुमाचा लखोटा मोहोरबंद होता आणि आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना तो आकाशात उघडल्यावरच कळले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्यांच्या स्वाधीन जे काही करण्यात आले ते पाहून एखादा जुना पोस्टमास्तरही राजीनामा देता. गोदामे थंडगार, हवाई हल्ल्यांच्या भयाने खिडक्यांच्या काचा काळ्या रंगविलेल्या, आणि आत छतापर्यंत रचलेली सुमारे १ कोटी ७० लाख पत्रे व पार्सले, ज्यांतील घरून आलेल्या केकवर उंदरांनी कधीच ताव मारलेला होता. पत्त्यांची तऱ्हा तर अशी की कोणी आपल्या मुलाचे केवळ लाडके नाव घालून पुढे ‘अमेरिकन सैन्य’ एवढेच लिहिलेले, आणि रॉबर्ट स्मिथ नावाचे इसम दप्तरी साडेसात हजारांहून अधिक! या अरण्यातून मार्ग काढण्यासाठी पलटणीने सुमारे ७० लाख पत्रिका राखल्या, प्रत्येक नामधारकास त्याच्या लष्करी क्रमांकाने ओळखले, आणि आठ आठ तासांच्या तीन पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस, काम चालविले. एका पाळीत सुमारे ६५ हजार नग, म्हणजे दिवसाकाठी १ लाख ९५ हजार. या गतीने तीन महिन्यांत होणारी बेरीज त्या ढिगाऱ्याच्या संख्येशी जवळजवळ तंतोतंत जुळते. लष्कराने सहा महिन्यांची मुदत घातली होती. काम निम्म्या मुदतीत झाले. या हिशेबाच्या मागे गणिताच्या शिक्षिकेची शिस्त आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. जे पत्र पोचण्यापूर्वीच त्याचा धनी रणात पडलेला असे, ते तशी नोंद करून परत धाडण्याचे कठोर कामही याच स्त्रियांच्या हातून होत होते.

आता या आत्मवृत्तातील सर्वांत रसाळ प्रकरणाकडे वळतो. एक जनरल तपासणीस आला. हजेरीस उभ्या राहिलेल्या स्त्रिया त्यास थोड्या वाटल्या. एक पाळी कामावर आहे आणि दुसरी निद्रेत आहे हे समजावून सांगितले तरी त्याचे समाधान होईना. आणि ही पलटण कशी चालवावी हे शिकविण्यासाठी एक गोरा फर्स्ट लेफ्टनंट पाठवितो, अशी धमकी त्याने सर्वांदेखत दिली. त्यावर मेजरबाईंनी, आपल्या प्रेतावरूनच ते घडेल, अशा आशयाचे उत्तर मोठ्या अदबीने दिले. जनरलसाहेबांनी लष्करी न्यायालयापुढे खेचण्याची भाषा केली. येथवर ही कथा कोणत्याही शूर पुरुषाची असती तरी चालले असते. अॅडम्सबाईंचे वैशिष्ट्य त्यानंतर दिसते. त्या संतापाने पेटून बसल्या नाहीत किंवा क्षमायाचनेसही गेल्या नाहीत. वर्णभेदावर भर देणारी भाषा अधिकाऱ्यांनी वापरू नये, असा मित्रराष्ट्रांच्या सर्वोच्च मुख्यालयाचाच एक हुकूम होता. तो दप्तरातून काढून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खुद्द जनरलवरच आरोपपत्राचा मसुदा तयार करण्यास घेतला! खटला कोणत्याच बाजूने उभा राहिला नाही, आणि पुढे फ्रान्समध्ये भेट झाली तेव्हा त्याच जनरलने आपला आदर मोकळेपणाने बोलून दाखविला, असे त्यांनी नमूद केले आहे. अन्यायी संस्थेचे नियम तिच्यापेक्षा अधिक बारकाईने वाचून तेच तिच्यापुढे धरणे, हे या बाईंचे खरे शस्त्र होते. आणि बंडाच्या आरोळीपेक्षा ते शस्त्र अधिक दूरवर पोचते, असे माझे तरी स्पष्ट मत आहे.

रेड क्रॉसशी झालेला त्यांचा कलह मला याहूनही उद्बोधक वाटतो. त्या संस्थेने लंडनमध्ये या कृष्णवर्णीय स्त्री-सैनिकांसाठी एक वेगळे वसतिगृह सजवून दिले. हेतू वरकरणी सौजन्याचा, परंतु अर्थ इतकाच की गोऱ्या स्त्रियांसाठी असलेल्या वसतिगृहाची पायरी यांनी चढू नये. अॅडम्सबाईंनी आपल्या पलटणीतील कोणीही तेथे एक रात्रसुद्धा काढू नये असा आग्रह धरला आणि तो पाळला गेला. वेगळ्या क्रीडासाहित्याची देणगी आली तीही त्यांनी, सबब तीच सांगून, परत केली. भेट नाकारणे हे भांडणापेक्षा कठीण असते. त्यात कृतघ्नतेचा ठपका येतो, आणि तो ठपका सोसण्याची तयारी त्यांच्या कनिष्ठ शिपायानेही दाखविली, यातच त्या पलटणीचे खरे तेज आहे.

पुढे पलटण रूआं व पॅरिस येथे गेली आणि तेथीलही साठलेले टपाल तिने निकालात काढले. रूआं येथे जीपच्या अपघातात तीन स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यांच्या अंत्यविधीसाठी सरकारी खजिन्यातून रक्कम मिळाली नाही, म्हणून सहकाऱ्यांनीच वर्गणी काढली आणि त्यांच्यातील जाणत्यांनी प्रेतसंस्कार केले. त्या तिघी आज नॉर्मंडीतील अमेरिकन दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. १९४५ च्या डिसेंबरात अॅडम्सबाई लेफ्टनंट कर्नल झाल्या. स्त्रीदलात संचालिकेखालोखालचा हा सर्वोच्च हुद्दा होय. १९४६ साली न्यू जर्सीत पलटण विसर्जित झाली, ती कोणत्याही समारंभाशिवाय.

येथे बहुतेक चरित्रकार लेखणी ठेवतात, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. गणवेश उतरविला तेव्हा बाईंचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्याच साली त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठातून एम. ए. पदवी घेतली, माजी सैनिकांच्या खात्यात व महाविद्यालयांत नोकरी केली, १९४९ साली स्टॅन्ली अर्ली यांच्याशी विवाह केला, पती झुरिचमध्ये वैद्यकाचे अध्ययन करीत असता स्वतः जर्मन शिकून तेथील युंग संस्थेत मानसशास्त्राचे अध्ययन केले, आणि मग ओहायोतील डेटन शहरी जे बिऱ्हाड थाटले ते कायमचे. त्या शहरातील महाविद्यालयाचे विश्वस्तमंडळ, गृहनिर्माण, वीज कंपनी, अर्बन लीग अशा अनेक संस्थांच्या कारभारात त्यांनी चार दशकांहून अधिक काळ भाग घेतला, आणि त्या यादीत एक नाव रेड क्रॉसचेही आहे! लंडनमध्ये जिची भेट त्यांनी नाकारली, तिच्याच स्थानिक कार्यकारी मंडळावर त्या बसल्या. यात कोणास विसंगती दिसेल; मला मात्र बर्मिंगहॅमचीच रीत दिसते. संस्था वाईट आहे म्हणून बाहेर राहणे सोपे; जेथे ठराव लिहिले जातात त्या मेजापाशी जाऊन बसणे अवघड. आणि हे एकट्यापुरते राहू नये म्हणून १९८२ साली त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी नेतृत्वशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, ज्यात मंडळांचा आणि सार्वजनिक कारभाराचा अभ्यास करवून नव्या माणसांना तयार करण्यात येई. १३ जानेवारी २००२ रोजी डेटन येथेच त्यांचे निधन झाले.

सरकारी सन्मानांची कथा त्यामानाने गमतीची आहे. २०१८ साली फोर्ट लेव्हनवर्थ येथे पलटणीचे स्मारक उभे राहिले. २०२२ साली काँग्रेसच्या सुवर्णपदकाचा कायदा झाला आणि ते पदक २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रत्यक्ष अर्पण करण्यात आले, तोवर त्या ८५५ जणींपैकी फारच थोड्या जिवंत होत्या. दरम्यान २०२३ साली व्हर्जिनियातील फोर्ट ली या ठाण्याचे, ज्याला दास्याच्या बाजूने लढणाऱ्या सेनापती रॉबर्ट ली यांचे नाव होते, अॅडम्सबाई आणि ग्रेग नावाचे आणखी एक कृष्णवर्णीय सेनाधिकारी यांच्या नावांवरून ‘फोर्ट ग्रेग-अॅडम्स’ असे नामांतर झाले. आणि दोन वर्षांत, २०२५ साली, पुन्हा ‘फोर्ट ली’ झाले, परंतु या खेपेस ते स्पेनशी झालेल्या युद्धातील कृष्णवर्णीय शिपाई फिट्झ ली यांच्या स्मरणार्थ, असे सांगण्यात आले. आडनाव तेच ठेवून माणूस बदलण्याची ही युक्ती आपल्याकडील एखाद्या मुत्सद्दी कारकुनालाही सुचली नसती. शिपाई फिट्झ ली सन्मानास पात्र नाहीत असे नव्हे; परंतु एका कृष्णवर्णीय वीराचे नाव दुसरीचे पुसण्यासाठी पुढे करावे, हा व्यवहार मला ओशाळवाणा वाटतो.

तथापि या पाट्यांच्या उलथापालथीचा फार खेद करण्याचे कारण नाही. हुकुमाने लागलेली पाटी हुकुमाने उतरते, हे ज्या बाईने आयुष्यभर हुकूम वाचले तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणूनच तिने आपली उमेद पाटीवर न घालता माणसांवर घातली. डेटनमध्ये तिच्या उपक्रमातून शिकून जो कोणी एखाद्या मंडळाच्या बैठकीत जाऊन बसला, नियमांचे पुस्तक उघडून प्रश्न विचारता झाला, त्याची नेमणूक कोणत्याही मंत्र्याला परत घेता येणार नाही; आणि अॅडम्सबाईंचा गौरव करावयाचाच असेल तर त्यांच्या नावाच्या ठाण्यापेक्षा या नेमणुकांची मोजदाद करणे मला अधिक न्याय्य वाटते.