कान टोचलाय? हात दूर ठेवा!

बालमित्रांनो, ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. पण सोनाराने टोचला तरी ती जखमच! अनेकांच्या कातडीवर, नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू एरवी गुपचूप राहतात. कातडीला भोक पडलं की त्यांना दारच उघडं मिळतं.

पाळीची जखम भरायला साधारण दीड महिना लागतो. तोवर बाळी सारखी फिरवायची नाही. (वर्गात हाच उद्योग चालतो, मला दिसतं बरं!) हळद-तेलही नको, आजी रागावली तरी. साबणाने हात धुऊन, मगच कान स्वच्छ पाण्याने हळूच पुसा.

हल्ली कानाची वरची कडा टोचून घेतात. मला तरी ते पटत नाही. तिथे कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे सहज पोचत नाहीत. पू झाला तर कानाचा आकारच कायमचा बिघडू शकतो.

पालकहो, सुई नवी, बंद पाकिटातलीच हवी. धनुर्वाताची 10 आणि 16 व्या वर्षाची लस राहिली नाही ना, तेही पाहा. लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे. बाळी मात्र घरी काढू नका. भोक वरून बुजतं आणि पू आतच कोंडतो.