गटारावरील जड लाद्या उचलण्यासाठी सुटसुटीत व पुनर्वापरयोग्य साधनाची रचना

प्रस्तावना :

पावसाळ्यापूर्वीची गटारसफाई ही नगरपालिकांची वार्षिक बाब होय. या कामात गाळ काढण्याइतकेच अवघड असते ते गटारावरील प्रबलित काँक्रीटच्या लाद्या बाजूला करणे. त्यासाठी रूढ साधन म्हणजे पहार. पहारीने लादी उचकटायची, खाली दगड सरकवायचा आणि चार-पाच जणांनी ती हाताने ओढायची, ही सर्वपरिचित पद्धत आहे. तीत बोटे चेमटतात, पाठी दुखावतात आणि लादीच्या कडा फुटतात. कड फुटलेली लादी नीट बसत नाही, आणि जी नीट बसत नाही ती पुष्कळदा उघडीच राहते. 29 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईतील अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. झाकण उघडण्याइतकेच ते परत बसवणेही सुकर असले पाहिजे, या दृष्टीने प्रस्तुत लेखात अशा साधनाच्या रचनेचा विचार केला आहे.

भार व उंची :

1.2 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद व 10 सेंमी जाड लादीचे घनफळ 0.108 घनमीटर भरते. प्रबलित काँक्रीटचे वजन घनमीटरला 2500 किलोग्रॅम धरल्यास लादी 270 किलोग्रॅमची होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या भाराची मर्यादा 55 किलोग्रॅम सुचविली आहे. त्या हिशेबाने पाच माणसे लागतात. परंतु लादीच्या दोन बाजू शेजारच्या लाद्यांनी व तिसरी बहुधा घराच्या भिंतीने अडवलेली असल्याने पाच जणांना हात घालण्यास जागाच नसते. क्रेन अरुंद गल्लीत शिरत नाही. शिवाय क्रेनची खरी गरजही नसते, कारण लादी 20 सेंमी उचलली तरी पुरते. वजन मोठे पण उंची अल्प, हे या प्रश्नाचे वैशिष्ट्य आहे. आणि आटोपशीर साधन शक्य होते ते यामुळेच.

पकडीचा प्रश्न :

उचलण्यापेक्षा पकडणे कठीण, हे बांधकामाच्या इतिहासात फार पूर्वीच ओळखले गेले होते. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात यंत्रशास्त्रावरील ग्रंथात दगड उचलण्याच्या साधनांचे वर्णन केले. तो ग्रंथ आज अरबी भाषांतरातून उपलब्ध आहे. रोमन बांधकामातील अनेक दगडांवर तळाशी रुंद होत गेलेल्या खाचा आढळतात. अशा खाचेत लोखंडाचे तीन तुकडे एकापाठोपाठ बसवीत. ओढ बसली की बाजूचे तुकडे पाचरीसारखे खाचेत घट्ट होत. काम झाल्यावर मधला तुकडा आधी काढला की सर्व सुटे होत. दगडात काहीही अडकून न राहता तेच लोखंड पुढच्या दगडाला वापरता येई.

आजचे पर्याय या कसोटीवर पाहण्यासारखे आहेत. निर्वात पकड गुळगुळीत ग्रॅनाइटवर उत्तम चालते. 60 टक्के निर्वातात दर चौरस मीटरला सुमारे 60 किलोन्यूटन बल मिळते. म्हणजे वरील लादीसाठी दुप्पट सुरक्षितता धरूनही 34 सेंमी व्यासाची चकती पुरावी. मात्र खडबडीत, चिखल लागलेल्या काँक्रीटवर हवा आत शिरते व हा हिशेब कोलमडतो. कात्रीसारख्या चिमट्याला लादीच्या दोन्ही बाजूंना फट लागते. ती येथे नसते. लादीत गुंतवलेले सळईचे कडे गंजते, आणि पादचाऱ्याच्या पायात येते ते वेगळेच.

म्हणून लादी ओततानाच पाइपाचे दोन आरपार तुकडे ठेवून टी आकाराची चावी वापरणे अधिक सयुक्तिक ठरते. चावी आत घालून 90 अंशांत फिरवली की तिचे डोके लादीच्या तळाशी अडकते. छिद्रे मात्र मध्यभागी नकोत. लादीतील सळया तळाशी असतात. मध्यभागी उचलल्यास वाक उलटा होतो व वरच्या, सळ्या नसलेल्या पृष्ठाला तडा जाण्याची भीती असते. टोकांपासून सुमारे 25 सेंमी अंतरावर छिद्रे ठेवल्यास मधला व टोकांचा वाक जवळजवळ सारखा होतो.

चौकट व तिचे गणित :

दोन घोड्या व त्यांवर गटाराच्या लांबीच्या दिशेने 1.5 मीटरची तुळई, अशी चौकट कल्पिता येते. घोड्यांचे पाय शेजारच्या लाद्यांवर, पण बरोबर गटाराच्या भिंतींवर येतील असे टेकवावे. लादीच्या मध्यावर पाय देणे म्हणजे दुसरी लादी धोक्यात घालणे होय.

सांध्यात गाळ घट्ट बसलेला असल्याने पहिल्या क्षणी वजनाहून जास्त ओढ लागते. म्हणून दुप्पट, म्हणजे सुमारे 5.4 किलोन्यूटन भार धरावा. तुळईवर तेव्हा सुमारे 2 किलोन्यूटन-मीटर वाकमान येते. 60 × 60 मिमी व 4 मिमी जाडीच्या चौकोनी पोकळ नळीत यामुळे सुमारे 135 मेगापास्कल ताण निर्माण होतो. साध्या पोलादाची 250 मेगापास्कल क्षमता पाहता तो सुरक्षित आहे, आणि नळीचे वजन अवघे साडेदहा किलोग्रॅम भरते. एका माणसाने खांद्यावर न्यावे एवढेच.

उचलण्यासाठी 30 मिमी व्यासाचा, 6 मिमी आट्यांचा स्क्रू योग्य. त्याच्या आट्यांचा चढ सुमारे 4 अंश असून घर्षणकोन त्याहून मोठा असतो. म्हणून हात सोडला तरी लादी खाली येत नाही. 20 सेंमी उचलण्यास सुमारे 33 फेरे लागतात. काम संथ आहे हे खरे, पण लादीखाली हात असलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा संथपणा दोष मानता येणार नाही. लादी वर आली की उघड्या तोंडावर दोन लोखंडी चॅनेल आडवे ठेवावेत, त्यांवर पाइपाचे तुकडे मांडून लादी टेकवावी व चौकट सुटी करून लादी शेजारी सरकवावी. बसवताना हाच क्रम उलटा.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 नुसार कारखान्यातील उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी बंधनकारक होती. रस्त्यावरील या चौकटीलाही तीच शिस्त लागू करावी. विशेषतः चावीच्या डोक्याचा जोड प्रत्येक हंगामापूर्वी तपासावा, कारण सर्व भार शेवटी त्या बोटभर लोखंडावर असतो.